नडगी मोडली तर : अर्धं काम ऑपरेशनचं, अर्धं घरातलं



मागच्या सोयाबीनच्या राशीत आपल्या एका गटातल्या ताई ट्रॉलीवरून उतरताना पडल्या. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. त्यांचं नाव-गाव इथे लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पण "बाकी सगळं लिही बाई, माझं झालं ते दुसरीचं नको व्हायला," असंही त्याच म्हणाल्या.

त्यानंतरच्या दोन साप्ताहिक बैठकांना त्या आल्या नाहीत. हजेरीत गैरहजर लागलं, नियमाप्रमाणे १०-१० रुपये दंड लागला आणि महिन्याच्या भेटीत त्या रजिस्टरवर मी सही केली. कुणीतरी म्हणालं, "त्यांचा पाय मोडलाय." मी "अगंबाई" म्हटलं आणि पुढचं पान उलटलं. पाच महिन्यांनी त्याच पायाचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात भेटायला गेले. तिथे बसून जे कळलं आणि नंतर डॉक्टरांना, फिजिओथेरपीवाल्या मॅडमना विचारून जे समजून घेतलं, ते या अंकात मांडते. मी डॉक्टर नाही, एमएसडब्ल्यू केलेली पोरगी आहे. तुमच्या पायाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी आपला पाय समजून घेऊ. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडं असतात. पुढचं जाड हाड म्हणजे नडगी, शरीराचा बहुतेक भार तीच पेलते. बाहेरच्या बाजूला दुसरं बारीक हाड असतं. आता नडगीवरून बोट फिरवून बघा. वर मांस नाहीच, कातडीखाली लगेच हाड लागतं. म्हणून नडगी मोडली की तिचं टोक पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येतं. आणि वर मांस नाही म्हणजे रक्तपुरवठाही कमी. हाताचं हाड दीड-दोन महिन्यांत जुळून येतं, नडगीला साधारण चार ते सहा महिने लागतात. जखम असेल तर त्याहून जास्त. हे चार ते सहा महिने लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिथेच अडते.

पहिले काही तास

ताई पडल्या तेव्हा लोक धावून आले. कुणी पाय ओढून सरळ करायला बघितलं, कुणी जखमेत हळद भरली. मग त्यांना दवाखान्यात न नेता एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने तेल लावून चोळलं, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. रात्री पाय ठणकायला लागला. ताई ओरडत होत्या आणि घरातले म्हणत होते, "हाड मोडलंय, दुखणारच." पहाटे बोटं काळी-निळी दिसली तेव्हा गाडी केली.

असं दुखणं आणि मोडल्याचं दुखणं यात फरक आहे, तो ओळखता आला पाहिजे. पोटरीचे स्नायू जणू घट्ट पिशवीत भरलेले असतात. आत रक्त साचून सूज वाढली की पिशवी ताणत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंचं रक्त तुटतं. त्यात वरून आवळून बांधलं तर विचारूच नका. खूण अशी : दुखणं कमी होण्याऐवजी तासातासाने वाढतं, गोळीने थांबत नाही, पोटरी दगडासारखी टणक लागते, पायाची बोटं दुसऱ्याने हळूच वर ओढली तरी किंकाळी फुटते, मग बोटं बधिर होतात. हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका. यात तासांचा हिशोब असतो. उशीर झाला तर स्नायू मरतात, आणि कधी पाय काढावा लागतो. हाडाच्या ऑपरेशननंतर किंवा प्लॅस्टर घातल्यावरही हे होऊ शकतं.

जखमेचंही तसंच. टीव्ही मालिकांतल्या सुधा चंद्रन तुम्हाला माहीत असतील, ठसठशीत टिकलीवाल्या. १९८१ साली तमिळनाडूत त्यांच्या बसला अपघात झाला. पाय मोडला होता, पण जीवावर आली ती घोट्याजवळची जखम. ती चिघळली, गँगरीन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढे जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या, त्यावर १९८६ साली 'नाचे मयूरी' हा सिनेमाही आला. सिनेमात नाच लक्षात राहतो. मला मात्र आता ती जखम जास्त लक्षात राहते. मोडलेल्या हाडाजवळ जखम असेल, अगदी बोराएवढी असली तरी, त्यात माती, चुना, हळद काही भरू नका. स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्याने झाका आणि निघा. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंतू मारणारं औषध जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना काठ्या किंवा घडी केलेली गोधडी लावून गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली बांधा. बांधायचं ते टेकू म्हणून, आवळायला नाही. पाणी, चहा, जेवण काही देऊ नका, लगेच ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असावं लागतं. १०८ ला फोन करा, त्या गाडीला पैसे लागत नाहीत.

आणि जोडवी-पैंजण तिथल्या तिथे काढा. सूज एकदा चढली की निघत नाहीत, बोटात रुततात. मला माहीत आहे, "सवाष्णीची जोडवी काढायची?" म्हणून घरात कुरकुर होते. आमच्या ताईंची जोडवी शेवटी दवाखान्यात कातरून काढावी लागली. रुमालात बांधून ठेवा, पाय बरा झाला की परत घाला.

ऑपरेशनमध्ये काय करतात

प्रत्येक मोडलेल्या नडगीला ऑपरेशन लागत नाही. हाड जागेवर असेल, नुसती चीर असेल, तर प्लॅस्टरवरही भागतं. हाड सरकलं असेल, तुकडे झाले असतील, जखम असेल तर ऑपरेशन सांगतात. "मला एक्स-रेमध्ये दाखवा, कुठे मोडलंय," असं म्हणायला लाजू नका.

साधारण तीन प्रकार आहेत. हाड मध्ये मोडलं असेल तर गुडघ्याच्या खालून नडगीच्या पोकळीत लांब सळई घालतात, तिलाच आपण रॉड म्हणतो, आणि वर-खाली आडवे स्क्रू मारून ती पक्की करतात. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या जवळ मोडलं असेल तर पट्टी आणि स्क्रू. जखम मोठी, घाण असेल तर आधी जखम धुऊन बाहेरून सळयांचा सांगाडा लावतात आणि जखम आटोक्यात आली की आतलं काम करतात. हा सांगाडा बघून बायका घाबरतात. तो शिक्षा नाही, जखमेला मोकळं ठेवायची सोय आहे.

भूल बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन देतात. कमरेखालचं काही तास कळत नाही, तुम्ही जाग्या असता. "त्या इंजेक्शनाने जन्माची कंबर धरते" असं आपल्याकडे पक्कं समजतात. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण जन्माच्या कंबरदुखीचा दोष त्या सुईला देऊ नका. वर्षानुवर्षं वाकून केलेल्या खुरपणीचं काय?

संमतीच्या कागदावर नवऱ्याची किंवा भावाची सही मागतात, घ्यायलाही हरकत नाही. पण तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीत आहात, तर पाय तुमचा आणि संमतीही तुमची. कागद वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा.

आता मुद्द्याची गोष्ट. रॉड हाड जोडत नाही. रॉड हाडाला फक्त धरून ठेवतो, जुळायचं काम हाड स्वतः करतं. घरकुलाचा स्लॅब टाकला की खाली सेंटरिंग असतं ना, तसं. सिमेंट धरेपर्यंत भार सेंटरिंग घेतं. हाड वेळेत जुळलं तर रॉडवरचा भार उतरतो. जुळलंच नाही तर सगळा भार रॉडवर येत राहतो आणि लोखंडी तार वाकवून-वाकवून तुटते तसा एक दिवस रॉड किंवा स्क्रू तुटतो. आमच्या ताईंचे खालचे दोन्ही स्क्रू तुटले होते. पाचव्या महिन्याच्या एक्स-रेत हाडात फट तशीच दिसत होती. दुसऱ्या ऑपरेशनात रॉड बदलला आणि कमरेच्या हाडातला थोडा चुरा काढून त्या फटीत भरला.

का जुळलं नाही? एकच कारण कुणी सांगू शकत नाही. जखम होती, सुरुवातीला पाय आवळला गेला, रक्त कमी होतं. ताई दिवसातून तीनदा मिसरी लावायच्या. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, आणि मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि सहाव्या आठवड्यापासून त्या घागरी वाहत होत्या. तुरीच्या काढणीला शेतातही गेल्या.

घरातले सहा महिने

टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. जखम भरली, वरून पाय चांगला दिसायला लागला, की घरच्यांच्या लेखी आजार संपतो. बाई चालतेय, मग चुलीपाशी का नाही? आत हाडाची कच्ची गाठ नुकती धरायला लागलेली असते, पण ती कुणाला दिसत नाही. गड्याचा पाय मोडला की तो बाजेवर असतो, बायको भाकरी नेऊन देते, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बाईचा मोडला की "सूनबाई आता बऱ्या दिसताय" सुरू होतं. मी हे चार घरांत बघितलंय. काही ठिकाणी तर हे म्हणणाऱ्या आपल्याच गटातल्या सासूबाई होत्या. राग नसावा.

म्हणजे नुसतं पडून राहायचं का? तेही नाही, आणि हेच समजायला अवघड जातं. शुद्धीत आल्यापासून बोटं हलवा, घोटा वर-खाली करा, मांडी आवळून पाच मोजा आणि सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा. गुडघा वाकवा, नाहीतर आखडतो आणि मग मांडी घालून बसणं कायमचं गेलं. पाय हलत राहिला तर पोटरीत रक्ताच्या गुठळ्याही कमी होतात. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच १०८. गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

भार किती टाकायचा हे डॉक्टर सांगतात आणि ते प्रत्येकीचं वेगळं असतं. मध्ये रॉड असेल तर वॉकर घेऊन लवकर टेकवायला सांगतात. तो भार हाडाला चांगलाच असतो. सांध्याजवळ पट्टी असेल तर दीड ते तीन महिने टेकवायचाच नाही असंही सांगतात. शेजारणीला पंधराव्या दिवशी चालवलं म्हणून आपण चालायचं नाही. आणि वॉकरवर चालणं वेगळं, डोक्यावर घागर घेऊन चढावर चालणं वेगळं. डॉक्टर "चाला" म्हणतात तेव्हा त्यांना आपली विहीर आणि आपला चढ माहीत नसतो. तिथेच विचारा, "पाण्याची घागर कधी उचलू? खुरपायला कधी बसू?" डॉक्टरांना हा प्रश्न समजतो.

वॉकर सुटून काठी आली की काठी मोडलेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना मोडलेला आधी.

सगळ्यात मोठी अडचण कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. संडास. उकिडवं बसता येत नाही, संडास अंगणाच्या पलीकडे, कुणाला हाक मारायची लाज. मग बायका पाणीच कमी पितात, जेवण अर्धं करतात. आमच्या ताई दिवसाला दोनच भाकरी खात होत्या, "जायला नको म्हणून." अशाने हाड कशाने भरणार? प्लॅस्टिकच्या खुर्चीला मध्ये गोल कापून खाली भांडं ठेवलं तरी काम भागतं. बाजारात तयार कमोड खुर्चीही मिळते. पाळीच्या दिवसांतही तिचा उपयोग होतो.

खाण्याबद्दल : "डाळ खाल्ली तर पू होतो, अंडं उष्ण पडतं, दही आंबट" असं म्हणून बाळंतिणीसारखं पथ्य लावतात. पू जंतूंनी होतो, डाळीने नाही. हाडाला आणि जखमेला प्रथिनं लागतात, म्हणजे वरण, उसळ, शेंगदाणे, अंडी, दूध, दही, चालत असेल तर मटण-मासे. तीळ आणि हिरवी भाजी रोज. सकाळी थोडा वेळ ऊन. रक्त कमी असेल तर गोळ्या चालू ठेवा, साखर असेल तर ती ताब्यात ठेवा. आणि मिसरीचा डबा सहा महिने तरी शेजारणीकडे द्या. (शेजारणीने पण लावू नये, पण तो वेगळा लेख होईल.)

जखमेतून पाणी किंवा पू, ताप, लाली, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर तारखेची वाट न बघता जा. आणि दुखत नसलं तरी एक्स-रेची तारीख चुकवू नका. आमच्या ताईंनी तिसऱ्या महिन्याची तारीख चुकवली, तूर होती म्हणून. जाण्यायेण्याची काळजी असेल तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत, धान्याच्या कोठीवर नको, उंदीर खातात. रॉड पुढे काढावाच लागतो असं नाही, त्रास नसेल तर तसाच राहतो.

पैशाचं

ताईंच्या घरच्यांनी पहिल्या ऑपरेशनला सोनं गहाण ठेवलं. योजना आहे हे माहीतच नव्हतं, आणि विचारायचं कुणाला तेही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही जुनी योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा नांदेड पहिल्या आठ जिल्ह्यांत होता, लातूरला ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया यात बसतात. पण दवाखाना योजनेतला पाहिजे, आणि पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटलं पाहिजे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून कुठला दवाखाना योजनेत आहे ते विचारता येतं. आपल्याकडून बरेच जण बिदरला जातात, तिथे जायच्या आधी तर नक्कीच विचारा.

शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय किंवा नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तिथे फुले योजनेचं विचारायचं.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापतात तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा नुसत्या मोडलेल्या पायाला मिळत नाही. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाला आहे. काही जणी त्या आशेवर बँकेत चकरा मारतात म्हणून सांगितलं.

उरतो तो खर्च : वॉकर, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. यासाठी ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी आहे, आणि आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, आपण दर बैठकीत म्हणतो ते. ताईंच्या ग्रामसंघाने दुसऱ्या ऑपरेशननंतर त्यातून पैसे दिले, हप्त्याला तीन महिने थांबवलं आणि आधीचा २० रुपये दंड ठराव लिहून रद्द केला. ठरावावर माझीही सही आहे. गटातल्या दहा जणींनी पाण्याच्या पाळ्या लावल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिल्या आठवड्यात सासूबाईंना ते आवडलं नाही, "आमच्या घरचं पाणी लोकांनी भरायचं का" म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्या भरणाऱ्या बाईला चहा द्यायला लागल्या.

बाहेरच्या गेटपर्यंत ताई आता वॉकरने जातात. मिसरी बंद आहे, निदान मी गेल्यावर तरी डबा दिसत नाही. पुढच्या महिन्यात दहा तारखेला एक्स-रे आहे. सकाळच्या गाडीने मी सोबत जाणार आहे, उदगीर स्टँडवर साडेसातला भेटायचं ठरलंय.